चौकशी तुमचं काम नाही

"आधी आपल्या पातळीवर चौकशी करू, मग बघू." मुलांबद्दल काही वावगं कानावर आलं की शाळेत, क्लासमध्ये, सोसायटीत हे वाक्य ठरलेलं. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही परवा निघालं. खाली खेळणाऱ्या मुलांशी एका माणसाचं वागणं दोन आयांना खटकलं होतं. लगेच सूर लागला: पुरावा आहे का, माणूस बरा आहे हो, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला, त्या मुलांतल्या एका मुलीलाच इथे बोलावून विचारू.

माझं स्पष्ट मत आहे, ही 'आपल्या पातळीवरची चौकशी' बंद झाली पाहिजे. हेतू कितीही चांगला असो.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याचं कलम १९ तुमच्याकडे पुरावा मागत नाही. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं, हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर वर्षापर्यंत. तक्रार नोंदवून न घेणारा पोलिसही या शिक्षेतून सुटत नाही, हे ठाण्यात जाताना लक्षात असू द्या. आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पुढे संशय खोटा ठरला तरी.

बदलापूर काही लांब नाही, आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, तेव्हा आपण सगळेच संतापलो होतो. त्या प्रकरणात वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदवला गेला, हे मात्र मीटिंगमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

मुलीला चार माणसांत बसवून विचारणं तर सर्वांत वाईट. पुन्हा पुन्हा विचारलं की लहान मूल गोंधळतं, समोरच्याला काय ऐकायचंय ते बघून बोलायला लागतं, आणि कोर्टात बचावाचा वकील "हे पढवलंय" म्हणायला मोकळा. जबाब घ्यायला पोलिस आहेत. तोही मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असताना. चौकीत रात्रभर बसवून ठेवतील ही भीती असेल तर तेही कायद्याला मान्य नाही.

मूल आपणहून बोललं तर ऐका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. प्रकार नुकताच घडला असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. मग फोन करा, मुलांची हेल्पलाइन १०९८ किंवा पोलिसांचा आपत्कालीन नंबर ११२. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होतो.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप! "अमुक विंगमधली दुसरीतली मुलगी" एवढं टाकलं तरी अख्ख्या सेक्टरला कळतं. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आमच्याकडच्या त्या दोघींनी शेवटी फोन केला. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर आपण आणखी ढिम्म. वाशी-नेरुळच्या फ्लॅटमध्ये आजींना बाहेरून कुलूप लावून घरचे दिवसभर जातात, पेन्शनचं एटीएम कार्ड मुलाच्या खिशात, आणि शेजारी म्हणतात, घरगुती मामला. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मुलांनी पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्रही रद्द होऊ शकतं. अपंग व्यक्तीचा छळ होतोय असं दिसलं, तर २०१६ च्या कायद्यानुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं.

इथे एक फरक मात्र आहे. आजी मोठ्या आहेत, शुद्धीत आहेत. जिवाला धोका नसेल तर आधी त्यांना एकट्यात विचारा, तुम्हाला काय हवंय? कधी तक्रार नको असते, फक्त किल्ली हवी असते. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. रात्री-अपरात्री ११२.