गुलामांना घर ‘फुकट’ मिळत नव्हतं

मावशी सध्या मुलाकडे अमेरिकेत आहे. तिने घरच्या ग्रुपवर एक फिरता मजकूर टाकला, सोबत साउथ कॅरोलिनातल्या बून हॉल मळ्यावरच्या, गुलामांच्या विटांच्या खोल्यांचा फोटो. म्हणणं असं: मालक गुलामांना पक्की घरं आणि पोटभर जेवण फुकट देत, म्युझियमवाले त्या झोपड्या उचलून नेऊन खोटा इतिहास उभा करतायत, त्यापेक्षा पाडून टाका. घरातल्याच लोकांनी त्यावर अंगठे दिलेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘फुकट’. विटा थापल्या गुलामांनी, भिंती रचल्या त्यांनीच. बून हॉल आहे त्या चार्ल्सटन भागातल्या जुन्या विटांवर त्यांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात. फोटोतल्या खोल्या टिकल्या त्या विटांच्या म्हणून. शेतात राबणाऱ्यांच्या लाकडी झोपड्या बहुतेक ठिकाणी कुजून गेल्या.

आता ‘पोटभर’. मेरीलँडच्या मळ्यावर गुलाम म्हणून वाढलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५च्या आत्मकथनात सगळं लिहून ठेवलंय. मोठ्यांना महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल (साधारण पस्तीस लिटरचं माप) मक्याचं पीठ. मुलांसाठी मक्याची उकड लाकडी कुंडात ओतायचे. कुणी शिंपल्याने, कुणी हाताने ओरबाडून खायचं. अंथरूण नाही. थंडीत तो मक्याचं पोतं चोरायचा, त्यात डोकं घालून ओल्या जमिनीवर झोपायचा, पाय बाहेर. पायांना अशा भेगा पडल्या की हातातली लेखणी त्यांत मावली असती, असं तो लिहितो. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. त्याच मराठीत आज हा मजकूर फिरतोय, याचा मला संताप येतो.

आता ‘खोटा इतिहास’. झोपडी हलवली की विहीर, शेजार, मालकाच्या वाड्यापासूनचं अंतर मागे राहतं, एवढं मान्य. लुइझियानात एव्हरग्रीन मळ्यावर २२ झोपड्या मूळ ओळीत उभ्या आहेत, त्यांना हात लावू नयेच. पण साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरच्या पॉइंट ऑफ पाइन्स मळ्यातली, १८५३च्या सुमाराची झोपडी मोडकळीला आली होती. २०१३मध्ये फळ्यांना नंबर घालून ती उतरवली आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पुन्हा जोडली. कुठून आणली तेही तिथे सांगतात. मग खोटं काय?

आणि ‘पाडून टाका’ हेही करून झालंय. लुइझियानातल्याच व्हिटनी मळ्यावरच्या बहुतेक झोपड्या १९७०च्या दशकात पाडल्या. तिथे स्मारक करायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या मळ्यावरून आणाव्या लागल्या.