फुटपाथ नक्की कोणासाठी?

इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या दक्षिणेला घर घेतलं, कारण तेवढंच परवडलं. तीन बेडरूम, मागे गवताचा तुकडा, तक्रार नाही. पण इथे गाडीशिवाय पान हलत नाही. बस तासाला एक. शहरात ट्राम येणार, येणार म्हणता म्हणता 2005 साली ती योजनाच गुंडाळली. मग घरटी दोन गाड्या आणि दारात जागा एकीची. दुसरी कुठे? फुटपाथवर!

आज सकाळी पुन्हा तेच. पांढरी व्हॅन कुंपणाला इतकी चिकटवलेली, की आरसा झुडपात घुसलेला. भर पावसात बाबागाडी घेऊन रस्त्यावर उतरले, तर चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मागून गाडी आली. घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते माझे. शेजारच्या आजींनी तर वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंच सोडलंय.

तक्रार करावी तर पालिका पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस पालिकेकडे. लंडनमध्ये 1974 पासून फुटपाथवर गाडी लावायला बंदी आहे. पन्नास वर्षं झाली! मग आमच्याच लेकरांनी गाड्यांच्या मधून का जायचं?