‘आमच्या वेळी कुठे होते काउन्सेलर?’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला आठवड्याभरात चार ग्रुपवर आला. माहेरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या. मजकूर असा:

“आमच्या लहानपणी डिप्रेशन नव्हतं, एडीएचडी नव्हतं, काउन्सेलर नव्हता. आजीची गोष्ट आणि बाबांचा पट्टा, एवढ्यावर आम्ही माणसं झालो. आता पोर जरा रुसलं की चालले काउन्सेलरकडे. ते पोरांना आईबापांविरुद्ध भडकवतात, नाही नाही ते डोक्यात भरवतात, गोळ्यांची सवय लावतात आणि वर तासाला हजार रुपये घेतात. सगळा धंदा आहे. पटलं तर पुढे पाठवा.”

मी सतरा वर्षं शाळेत समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, म्हणून काम करते. ग्रुपवर वाद घालायचा माझा स्वभाव नाही. पण असलं काही वाचून मुलाला आणायचं सहा-सहा महिने पुढे ढकलणारे आईवडील मी पाहिलेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

“आमच्या लहानपणी हे नव्हतं.” होतं. डिप्रेशन होतं, आणि एडीएचडी, म्हणजे मुलाचं लक्ष टिकत नाही आणि ते सतत चुळबुळत राहतं, तेही होतं. मुलांसाठीचं देशातलं पहिलं मार्गदर्शन केंद्र आपल्याच मुंबईत १९३७ साली सुरू झालं, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनं ते काढलं. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांचे वडील पाटीवर धुळाक्षरं गिरवत होते, तेव्हाही मुलांच्या मनाचं दुखणं घेऊन लोक कुठंतरी जात होते. गावात ही सोय नव्हती, एवढंच खरं. आणि दुखण्याला नावं आपल्याकडेही होती. वेगळी होती. ढ, द्वाड, रडकी, घुमा, हट्टी. बाधा झाली म्हणायचे, नजर लागली म्हणायचे.

तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवतोय का? तोंडी विचारलं की घडाघडा सांगायचा आणि लिहायला बसला की वेलांटी-उकार सगळं उलटसुलट. सातवीत दोनदा नापास झाला आणि मामाच्या दुकानात पुड्या बांधायला लागला. त्याच्या अडचणीला आज अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. तो मुलगा तुमच्या शाळेच्या ग्रुपवर नाही, म्हणून “आम्ही माणसं झालो” या वाक्याला त्याचं उत्तर येत नाही.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठच्या वर्गात चार मुलं. माझ्या शाळेतल्या कुठल्याही वर्गशिक्षिकेला विचारा, ती चार नावं त्यांना आकडेवारीशिवाय ठाऊक असतात.

“बाबांचा पट्टा.” पट्ट्यानं मूल त्या क्षणी गप्प बसतं, यात शंका नाही. पुढं काय होतं, याचाही अभ्यास झालाय. मुलांना दिल्या जाणाऱ्या चापटी-धपाट्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा २०१६ साली एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती होती. मार खाणारी मुलं जास्त आज्ञाधारक झालेली दिसली नाहीत. आक्रमकपणा, चिंता आणि आईवडिलांशी बिघडलेलं नातं मात्र जास्त आढळलं. पट्टा तर चापटीच्या कितीतरी पुढचा. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे, मानसिक छळालाही. घरातल्या माराबद्दल मी पालकांना एकच गोष्ट विचारते: तुम्ही मार खाल्लात, त्यानंतर किती वर्षं तुम्ही बाबांना खरं काही सांगितलंत? बहुतेक वेळा समोरचे वडीलच आधी गप्प होतात आणि मग बोलायला लागतात.

“आजीची गोष्ट.” हे मला मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच आजी विरुद्ध काउन्सेलर ही मांडणी खुपते. आई गेल्यावर पाचवीतली एक मुलगी शाळेच्या फाटकाशी आली की थरथरायची, आजीचा पदर सोडायची नाही. आम्ही जे ठरवलं ते सगळं आजींनी पार पाडलं. पहिला आठवडा फक्त फाटकापर्यंत यायचं आणि परत जायचं. मग पारापर्यंत. मग वर्गाच्या दाराशी, आजी बाहेर चिंचेखाली बसणार आणि मुलीला खिडकीतून त्यांची हिरवी पिशवी दिसणार. सहाव्या आठवड्यात आजी म्हणाल्या, “आज पिशवी तेवढी ठेवून मी दळण टाकून येते.” आल्या तेव्हा मुलगी डबा खात होती. पायरी केवढी घ्यायची, रडली तर किती थांबायचं, परत नेलं तर काय होईल, एवढं मी सांगितलं. बाकी सगळं आजींचं. ज्या घरात अशी आजी आहे तिथं माझं काम निम्मं होतं. ज्या घरात दोन खोल्या, दोन शिफ्ट आणि आजी गावाला, तिथं “आजी होती” असं सांगून त्या आईला काय मिळतं?

“पोर जरा रुसलं की काउन्सेलर.” या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण माझा अनुभव नेमका उलट आहे. लोक फार उशिरा येतात. आधी घरचे उपाय, मग डॉक्टर, मग दुसरे डॉक्टर, मग देवऋषी, मग क्लास बदलून पाहायचा, आणि शेवटी “एकदा त्या बाईंना दाखवून बघू” म्हणून माझ्याकडे.

सहावीतला एक मुलगा. रोज सकाळी पोटात दुखायचं, सोमवारी तर उलटी व्हायची. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. घरचे म्हणाले, नाटकं करतो. मनगटात काळा धागा आला. वडिलांनी एकदा हात उगारला. आठ महिन्यांनी आई माझ्या खोलीत बसली होती आणि बोलता बोलता म्हणाली, “पाणीसुद्धा पीत नाही हो. रोज संध्याकाळी भरलेली बाटली तशीच बेसिनमध्ये ओतते मी.” मी मुलाकडे पाहिलं. तो सॅकच्या बंदाचं टोक दातात धरून खाली बघत होता. तिसऱ्या भेटीत त्यानं सांगितलं. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. आठवीतली दोघं-तिघं दार ढकलायची, हसायची, एकदा मोबाइल धरला होता. तेव्हापासून तो शाळेत लघवीला जात नव्हता आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हता. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत.

या मुलाला कुठलाही आजार नव्हता. दाराला कडी हवी होती, त्या मोठ्या मुलांशी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि वडिलांनी त्याच्याजवळ बसून “मला कळलं नाही रे” म्हणायला हवं होतं. तिन्ही गोष्टी घडवून आणायला एक महिना लागला. मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाचं अर्ध्याहून जास्त काम हे असं असतं: मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर ताटकळणं, वर्गशिक्षिकेला पटवणं, घरी वडील कधी भेटतील ते विचारणं. आठ महिने लवकर आले असते तर आठ महिने पोटदुखी वाचली असती.

“आईबापांविरुद्ध भडकवतात.” ही भीती मला समजते. मूल आत, दार बंद, आपण बाहेरच्या बाकावर. कुठल्याही आईला वाटेल, आत माझ्याबद्दल काय चाललंय? म्हणून पहिल्या भेटीत मी मुलासमोरच आईवडिलांना नियम सांगते. मूल जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय मी घरी सांगणार नाही. मात्र ते स्वतःला इजा करत असेल, दुसऱ्याला करणार असेल, किंवा कुणी त्याच्याशी वाईट वागत असेल, तर ते माझ्यापाशी राहणार नाही. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

नववीतली एक मुलगी मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून यायची. बाह्या वर केल्यावर मला जे दिसलं, ते त्याच दिवशी तिच्या आईला सांगावं लागलं. पण कसं सांगायचं, आधी मी बोलू की ती, बाबा खोलीत हवेत की नकोत, हे मी तिला ठरवू दिलं. ती म्हणाली, “तुम्ही सुरुवात करा, मग मी बोलते.” आईनं ऐकलं आणि तिचा हात नुसता धरून ठेवला. घर तोडायला हे काम कुणी करत नाही. मूल आठवड्यातला एक तास माझ्याकडे आणि बाकीचा सगळा वेळ घरी असतं. घर बरोबर नसेल तर माझ्या तासाला काही अर्थ उरत नाही.

“नाही नाही ते डोक्यात भरवतात.” म्हणजे आत्महत्येबद्दल विचारलं की मुलाला ते सुचतं, असा समज. संशोधन याच्या विरुद्ध आहे. शांतपणे, सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं, की कुणीतरी विचारलं. २०२२ साली देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांत सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. विषय न काढून आपण कुणालाही वाचवलेलं नाही.

“गोळ्यांची सवय लावतात.” समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढं शिकलेले डॉक्टर असतात, औषध तेच देतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याची गरज लागत नाही. ज्यांना लागते त्यांचं मात्र असले मेसेज वाचून परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

“तासाला हजार, सगळा धंदा.” या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. दोन-तीन दिवसांची कार्यशाळा करून ‘चाइल्ड काउन्सेलर’ अशी पाटी लावणारे लोक आहेत. तेव्हा विचारा. शिक्षण काय, मुलांबरोबर कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तो क्रमांक मागा. पहिल्याच भेटीत वीस भेटींचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. फी परवडत नाही हेही खरं दुखणं आहे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून दाखवता येतं. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. तुमच्या पाल्याच्या शाळेत आहे का, हे पुढच्या पालकसभेत विचारा. तो मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

आणि आणायचं ठरवलंत तर एक विनंती. मुलाला “बाजारात जाऊ” किंवा “डॉक्टर फक्त वजन बघणार आहेत” असं सांगून आणू नका. दारात आल्यावर त्याला कळतं आणि मग माझ्या पहिल्या दोन भेटी त्याचा राग उतरण्यात जातात. “तुझं पोट सारखं दुखतं ना, त्याबद्दल एका ताईंशी बोलायला जातोय, मीही बरोबर आहे,” एवढं सांगा. येताना त्याच्या वह्या आणा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर डब्यात आणि बाटलीत काय उरलेलं असतं, तेही आठवून या.