विडालचा आकडा म्हणजे टायफॉईड नव्हे

पावसाळा लागला की घरोघरच्या ग्रुपवर विडाल या टायफॉईडसाठीच्या रक्ततपासणीबद्दल हा मेसेज फिरतो: ‘ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल करा. १:८० आलं म्हणजे टायफॉईड नक्की. रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत गोळ्या सोडू नका, नाहीतर तो हाडात मुरतो.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत.

दुसऱ्या दिवशीच्या विडालचा उपयोग नाही. ही तपासणी साल्मोनेला टायफी हा टायफॉईडचा जंतू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजते. ती पुरेशी वाढायलाच आठवडाभर जातो.

आता १:८०, म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडं दिसणं. आपल्याकडे हा आकडा ठणठणीत माणसातही सापडतो. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, साल्मोनेलाचेच भाऊबंद, इतकंच काय, मलेरियानेही तो चढतो. उलट खऱ्या टायफॉईडमध्ये कधी चढतही नाही. विडालची ही पद्धत १८९६ सालची. आज डॉक्टरांना विचारायचं ते ब्लड कल्चरबद्दल. त्यात प्रत्यक्ष जंतू वाढतो, कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. मात्र तेही साधारण निम्म्याच रुग्णांत जंतू पकडतं, म्हणून रक्त पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच काढायला हवं.

माझा खरा राग या आकड्यामागे दडून जाणाऱ्या दुसऱ्या तापांसाठी आहे. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून या तापाचा जंतू अंगात शिरतो. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, पण ती बरेचदा काखेत नाहीतर जांघेत, आणि तिथे बघतंय कोण? हा जंतू पेशीच्या आत राहतो. टायफॉईडसाठी सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याच्यावर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं. ते वेळेवर मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. ‘टायफॉईडच आहे’ म्हणत आठवडा काढला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, सगळ्यांवर बेततं.

राहिलं हाडात मुरणं. आजारात जंतू अस्थिमज्जेत असतात, हे खरं. पण विडाल बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकते. ती निगेटिव्ह करण्यासाठी गोळ्या गिळणं म्हणजे जंतूंना औषधाची सवय लावणं. शंभरातल्या एक ते पाच जणांत जंतू खरोखर मागे राहतो, तो बहुधा पित्ताशयात. त्याचा माग शौचाच्या कल्चरने काढतात.