"चार तासांत एकच मासा, तोही सोडून दिला" या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, ठीक आहे, पैसे तुम्ही मोजलेत. तुमचं म्हणणं असं की मासे पकडायच्या माझ्या ट्रिपमध्ये चार तास इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या सेबॅगो लेकवर नुसती बोट फिरवली, मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, एकच मासा लागला तो पण मी सोडून दिला आणि वर पोरांना पोहूही दिलं नाही. सगळ्याचं उत्तर देतो, पण आधी माझी चूक.

वेबसाइटवरचा तो उडी मारणाऱ्या सॅल्मनचा फोटो मे महिन्यातला आहे. तेव्हा बर्फ जाऊन काही आठवडेच झालेले असतात, पाणी गार, स्मेल्ट म्हणजे ते बोटभर चंदेरी मासे काठाजवळ आलेले असतात आणि त्यांच्यामागे सॅल्मन पण पार वर येतो. तुम्ही आलात जुलैच्या शेवटी. फोटोखाली महिना टाकायला हवा होता, नाही टाकला, हे शंभर टक्के माझं चुकलं. काल टाकलाय. शेजारी जुलैचा पण एक लावलाय, त्यात फक्त पाणी आणि दोन रॉड दिसतात, बघून कोणी बुकिंग करेल का माहीत नाही.

आता उन्हाळ्याचं. या माशाला साधारण ५० ते ६० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबात १० ते १५ सेल्सिअसचं पाणी लागतं. त्या दिवशी वरचं पाणी ७५ फॅरनहाइट होतं, तुमच्या मुलाने हात घालून "कोमट आहे" म्हटलं होतं बघा. उन्हात लेकचे थर पडतात, गरम पाणी वर राहतं, गार खाली, आणि मधल्या काही फुटांतच पारा धाडकन उतरतो, सॅल्मन त्या गार बाजूला जाऊन बसतो. सेबॅगो सगळ्यात खोल जागी ३०० फुटांच्या वर आहे, म्हणजे त्याला जागेची काही कमी नाही. मी बघत होतो तो मोबाइल नव्हता हो, फिशफाइंडर होता, पाण्याखालचे मासे दाखवणारा स्क्रीन! स्मेल्टचा थवा त्यात ढगासारखा दिसतो, तो आपल्याला ५० फुटांच्या आसपास मिळाला, मग डाउनरिगरचा, म्हणजे आमिष खोलवर नेणाऱ्या यंत्राचा, वजनी गोळा त्याच्या जरा वर ठेवला कारण हा मासा खालून वर येऊन घास घेतो. आणि बोट "नुसती फिरवणं" म्हणजेच ट्रोलिंग, ताशी दोनेक मैलांनी आमिष ओढत राहायचं, थांबलो की ते मेल्यासारखं लोंबकळतं.

रॉड वाकलाच नाही असंही लिहिलंय. डाउनरिगरवर रॉड आधीपासूनच वाकवून ताणलेला असतो, मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि रॉड एकदम ताठ होतो. वाकतो तो नंतर. सव्वासातला तेच झालं, मी ओरडलो तेव्हा तुमच्या मुलाच्या एका हातात धपाटा होता, तो तसाच तोंडात कोंबून त्याने रीळ फिरवलं आणि मासा बोटीजवळ येऊन दोनदा हवेत उडाला. पोरगं अर्धा तास हसत होतं, ते रिव्ह्यूत नाही आलं 🙂

सोडला कारण मापात बसत नव्हता, पट्टी लावून दाखवली होती. फोटोला थांबलो नाही कारण खालच्या गार पाण्यातून ७५ मध्ये आलेला मासा आधीच दमलेला असतो, त्याला हवेत धरून पोझ द्यायची म्हणजे सोडून पण उपयोग नाही.

कूलर रिकामा गेला याचं वाईट मलाही वाटलं. वहिनी म्हणाल्या रावसासारखं कालवण करणार होतो. रावसाला आपण इंडियन सॅल्मन म्हणतो खरं, पण तो सॅल्मनच नाही, आणि इथला हा अटलांटिक सॅल्मनच आहे, फक्त समुद्रात न जाता जन्म लेकमध्येच काढतो. शिवाय इथल्या माशांत पारा असतो म्हणून मेन राज्याचा सल्ला आहे की आठ वर्षांखालच्या मुलांना हा मासा महिन्यातून एकदाच द्यावा, तुमची धाकटी सहाची आहे, हे बोटीत सांगितलं होतं पण तेव्हा बहुतेक तुम्ही फोनवर होतात.

पोहण्याचं माझ्या हातात नाही. पोर्टलंड शहराचं पिण्याचं पाणी याच लेकमधून जातं आणि लेकच्या लोअर बे नावाच्या भागात जिथून पाणी उचलतात तिथून दोन मैलांच्या आत अंगाला पाणी लावायला बंदी आहे. आपण तिथेच होतो. म्हणून लायसन्स घालवू का?

इथे २२ पौंडांचा मासा मिळतो असंही तुम्ही म्हणालात, तर तो खरंच इथलाच, साडेबावीस पौंडांचा, पण १९०७ सालचा. तेवढा मी सुद्धा कधी पाहिला नाही.

पहाटे पाचला बोलावलं ते मात्र बदलणार नाही, नऊनंतर स्पीडबोटवाले येतात आणि लेकचा रंकाळा होतो. पुढच्या मेमध्ये आलात तर अर्धे पैसे घेईन, फोटोची भरपाई म्हणून. मासा लागेलच असं तेव्हाही लिहून देणार नाही.

आणि धपाट्यांचा स्टीलचा डबा बोटीतच राहिलाय. धुऊन ठेवलाय, पत्ता पाठवा.