कुलूप आधी, संगणक नंतर

वंचित मुलांपर्यंत संगणक शिक्षण पोहोचवायचं तुमच्या कंपनीने एकदाचं ठरवलं, फार बरं झालं. मार्च तोंडावर आलाय, सीएसआरचे, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्चायचे, नफ्यातले २ टक्के संपवायचेत आणि पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसात हिशोबातून बाद झालेले वीस संगणक जागा अडवून बसलेत. असा योग पंचांगातसुद्धा सापडत नाही.

आधी फ्लेक्स छापून घ्या, शाळा नंतर बघू. शाळा वस्तीतलीच हवी, फक्त गाडी दारापर्यंत गेली पाहिजे. जनता वसाहतीचा चढ फोटोत छान दिसतो, पाहुण्यांना झेपत नाही.

संगणक द्या, यूपीएसच्या बॅटऱ्या देऊ नका. बॅटरी ‘देखभाल’ या खात्यात जाते आणि देखभालीची फीत कोणी कापत नाही. शिकवणार कोण, असं एखादा विचारेल (विचारणारा बहुधा शिक्षकच असतो). त्याला दोन तासांचं प्रशिक्षण, एक समोसा आणि प्रमाणपत्र द्या. पुढच्या आठवड्यात तो मतदार याद्यांच्या कामाला जाईल, म्हणजे तुम्ही सुटलात.

कक्षाला कुलूप मात्र भक्कम घ्या. मी एक संगणक कक्ष पाहिला आहे, तिथे प्रत्येक मॉनिटरवर झालरीचं आच्छादन होतं. ‘वापरले की धूळ बसते हो,’ बाई म्हणाल्या. सहावीची मुलं उंबऱ्याबाहेर चपला काढून दारातूनच दर्शन घेत होती. परीक्षेत ‘इनपुट साधनांची पाच नावे लिहा’ असा प्रश्न होता. बहुतेकांना पैकीच्या पैकी! माउस हातात न घेता माउस लिहिता येतो, ही आपल्या शिक्षणाची ताकद आहे.

कधी कुलूप उघडलंच, तर एका संगणकावर चौघं बसवा. माउस आपोआप सगळ्यात दांडग्या मुलाकडे जातो आणि वही आपोआप मुलीकडे. अक्षर चांगलं असतं ना तिचं. तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला भाषणाची तयारी करायची आहे. त्यात १८४८ आणि भिडे वाडा आलाच पाहिजे. १९९१ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने याच शहरात परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेही सांगा. सांगताना मागे चौथ्या रांगेत पाहू नका. तिथली एक मुलगी घड्याळाकडे बघत असेल, धाकट्याला बालवाडीतून आणायची तिची वेळ झालेली असते. तुमच्या ‘शाळेनंतरच्या कोडिंग क्लब’ला ती येणार नाही. अहवालात ‘पालकांची उदासीनता’ असं लिहा, हा शब्दप्रयोग सगळीकडे चालतो.

मराठीचा आग्रह तर मुळीच नको. २००८ साली आलेल्या पायथन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेत चलांना (व्हेरिएबल्सना) देवनागरी नावं देता येतात, ‘बेरीज = अ + ब’ लिहिलं तरी यंत्र कुरकुर करत नाही, हे मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका. आपण अडलो ते स्पेलिंगपाशी, तर्कापाशी नाही, असं त्यांना कळलं तर ‘यांना झेपत नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

आणि एक धोका. कोणीतरी आगाऊ शिक्षिका प्रार्थनेच्या रांगेतच धडा घेईल: शेजारच्या दोघांची उंची बघा, उंच पुढे असेल तर जागा बदला, शेवटापर्यंत जा, पुन्हा पहिल्यापासून. सगळी रांग उंचीने लागली की बबल सॉर्ट, म्हणजे संगणकाची क्रम लावायची एक रीत, शिकून झाली. वीज नाही, रॅम नाही, खडूसुद्धा नाही. हे ताबडतोब थांबवा. फ्लेक्सवर काय लिहिणार, ‘रांगेचे सौजन्य’?

फीत कापली, टाळ्या झाल्या, की एखादा पोरगा हळूच पुढे येऊन विचारेल, ‘सर, चालू करून बघू?’ घाबरू नका. त्याच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवा, फोटोग्राफरकडे बघून हसा आणि सांगा, ‘बाळा, रंग ओला आहे.’