रिमोट हाक मारतो, ओ कोण देणार?

देवस्थानांचे हॉल आणि मंगल कार्यालयं चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. गेल्या पंधरवड्यात फोंड्याकडच्या तिघांनी तो मला पाठवला. मी या सिस्टीम बसवणाऱ्यांपैकी, म्हणून एकाने वर "आता तुमचं कसं होणार?" असंही विचारलं. मेसेजचा सारांश असा: हॉलला कंट्रोल सिस्टीम (प्रोजेक्टर, साउंड वगैरे सगळं एका जागेवरून चालवणारी यंत्रणा) बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, तो नुसता महागडा रिमोट. वाय-फायवरचा एक आयआर ब्लास्टर (मोबाइलच्या सांगण्यावरून रिमोटचे कोड फेकणारी डबी) आणि चार स्मार्ट प्लग (मोबाइलवरून वीज चालू-बंद करणारे) आणा, मोबाइलवरून सगळं चालतं. टीव्ही-प्रोजेक्टरचं एचडीएमआयची तारच बघून घेते. आणि कंट्रोलवाले एकदा घुसले की जन्मभर अडकवतात.

शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी 'महागडा रिमोट'. रिमोट डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवत आपला कोड फेकतो आणि विसरून जातो. समोरच्याने ऐकलं की नाही, हे कळायची सोय त्याच्यात नाही. रिमोट हातात असतो तेव्हा ते काम आपले डोळे करतात. ब्लास्टरला डोळे नसतात. त्यात कित्येक यंत्रांना चालू आणि बंद करायला एकच कोड.

डिचोली तालुक्यातल्या एका हॉलात याची गंमत पाहिली. उत्सवाची संध्याकाळ, गाभाऱ्यातली पूजा बाहेर दोन पडद्यांवर दाखवायची होती. लाईट गेली, दहा मिनिटांनी आली. एक प्रोजेक्टर वीज आल्यावर आपोआप उठणारा, दुसरा झोपून राहणारा. पोराने अ‍ॅपवरचं 'सुरू' दाबलं, तर झोपलेला उठला आणि उठलेला झोपला. परत दाबलं, उलट. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, "फुगडी घालतात रे दोघे!" शेवटी कोणीतरी स्टुलावर चढून एका प्रोजेक्टरच्या, रिमोटचा प्रकाश टिपणाऱ्या खिडकीवर नारळाच्या खोक्याचा पुठ्ठा धरला, तेव्हा कुठे दुसरा एकटा उठला.

कंट्रोल सिस्टीम हाक मारते आणि ओ यायची वाट बघते. पूर्वीपासून यासाठी आरएस-२३२ची तार असते: बोलायला एक, ऐकायला एक आणि एक ग्राउंड. पल्ला साधारण १५ मीटर धरायचा. हल्ली हेच नेटवर्कच्या तारेवरून होतं. त्यासाठी पीजेलिंक नावाची सामायिक भाषा आहे आणि ती अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरना कळते. 'कसा आहेस?' असं विचारलं की प्रोजेक्टर आकडा सांगतो: ० म्हणजे स्टँडबाय, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे तापतोय. चालू आणि बंदचे हुकूमही वेगवेगळे. १ असं उत्तर आलं तर सिस्टीम त्याच्या वाटेला जात नाही, २ आलं तर थांबून परत विचारते. फुगडी तिथेच संपते.

स्मार्ट प्लगचं प्रकरण जास्त धोक्याचं. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो दिव्यासाठी. प्लगने वीज तोडली की दिवा स्वतःच्याच उष्णतेत भाजतो. लेसरवाल्यांना हे तितकं बाधत नाही, तरी धसमुसळेपणा तो धसमुसळेपणाच. साउंडचा नियम याहून जुना: चालू करताना मिक्सर आधी, स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलट केलंत तर स्पीकरमधून जो 'धप्प' येतो, त्याने देवळातली कबुतरं उडतात आणि कधी कधी स्पीकरही. शिवाय मोठा अ‍ॅम्प चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, त्यात घरगुती प्लगचे आतले पॉइंट चिकटू शकतात. मग अ‍ॅपवर 'बंद' दिसतं आणि अ‍ॅम्प चालूच. फक्त क्रमच पाळायचा असेल तर साधा पॉवर सीक्वेन्सर, म्हणजे यंत्रांना ठरल्या क्रमाने वीज देणारा डबा, पुरे. त्यासाठी कोणी तुम्हाला कंट्रोल सिस्टीम विकत असेल तर चहा पाजून परत पाठवा.

आणि यातले कित्येक स्वस्त प्लग इंटरनेटवरून चालतात. जुलैत आपल्याकडे नेट कधी जातं आणि कधी येतं, हे मी सांगायला नको.

'मोबाइल सगळ्यांकडे असतो' म्हणे. कोणाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे, हा खरा प्रश्न. तो गेला सावंतवाडीला लग्नाला, की हॉल मुका. भिंतीवर चार बटणं असावीत: लग्न, नाटक, सभा, बंद. रखवालदारालाही दाबता आली पाहिजेत. मोबाइल त्याच्या जोडीला खुशाल ठेवा.

एचडीएमआयच्या तारेत एका यंत्राने दुसऱ्याला चालू-बंद करायची सीईसी नावाची सोय आहे, १३ नंबरच्या पिनवर. एक टीव्ही आणि एक लॅपटॉपच्या छोट्या मीटिंग रूमला ती चालते का, आधी ते बघा. चालली तर खर्चच नको. हॉलात मध्ये चित्र वाटून देणारे स्प्लिटर आणि लांब नेणारे एक्स्टेंडर येतात, तिथे तिचा भरवसा धरू नका.

आता अडकवण्याचं. होतं असं. प्रोग्रॅम लिहिणारा नोकरी सोडून जातो, मूळ फाइल कोणाकडेच नसते, आणि एक प्रोजेक्टर बदलला की सगळं पहिल्यापासून. आमच्या धंद्याची ही खोड आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण त्यावर उपाय ब्लास्टर नव्हे. शेवटचा हप्ता देण्याआधी चार गोष्टी मागून घ्या: प्रोग्रॅमची मूळ फाइल, सगळे पासवर्ड, प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) आणि कुठली तार कुठे जाते त्याचा नकाशा.

डिचोलीच्या त्या हॉलात एक छोटा कंट्रोलर बसला. नकाशा रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय, दुधाच्या पिशवीत घालून. पावसाळ्यात शाई उतरते.